सुटका झालेली मुलगी

ताराला सुरतेत येऊन चार दिवस झाले होते आणि संस्थेत अजून एकाही माणसानं तिला "बस" म्हटलं नव्हतं.

खुर्च्या भरपूर होत्या. उधन्यातल्या त्या दुमजली कार्यालयात मुलांच्या वर्गासाठी आणलेल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत भिंतीला टेकून उभी होती. रोज सकाळी तारा त्यातली एक स्वतःच ओढायची, दुपारपर्यंत तिच्यावर बसून मुलांचे अर्ज संगणकात भरायची आणि संध्याकाळी ती पुन्हा चळतीवर ठेवून द्यायची. चहा यायचा तो तिला वगळूनच. शिपाईकाका तिच्या टेबलाशी आले की पाऊल जरा झपाट्यानं टाकायचे.

तारा मॉरिशसची होती. पाच पिढ्यांपूर्वी तिच्या घरचं कुणीतरी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात राबायला जहाजानं गेलं आणि तिकडचंच झालं. घरात सगळे क्रिओल बोलायचे. पण तारा लहानपणी दर शनिवारी गावच्या देवळामागच्या वर्गात मराठी शिकली होती आणि परीक्षेत नेहमी अव्वल यायची. विद्यापीठात समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला परदेशी इंटर्नशिप करायची होती. यादीत सुरतेची एक बालहक्क संस्था दिसली आणि त्यापुढे लिहिलेलं होतं, 'मराठी येत असल्यास प्राधान्य'. तिनं दुसरं नावच भरलं नाही. विमानात बसताना तिच्या मनात पक्कं होतं की भाषा येते म्हणजे दारं उघडणारच.

पहिल्याच दिवशी तिनं हात जोडून रंजनाताईंना विचारलं होतं, "नमस्कार. आपण कृपया मला माझ्या कामाचे स्वरूप समजावून सांगाल का?"

रंजनाताई संस्थेच्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस घट्ट बांधलेले. अमळनेरकडचं कुटुंब, पण सगळं आयुष्य डिंडोलीत गेलेलं. त्यांनी मान वर करून ताराकडे पाहिलं.

"हे काय, रेडिओवर बातम्या देतेस?"

खोलीतल्या दोघीतिघी हसल्या. ताराही हसली, कारण तिला वाटलं ही ओळख होण्याची सुरुवात असेल.

"किती आठवडे आहेस?" रंजनाताईंनी विचारलं.

"आठ."

"म्हणजे सहा. शेवटचे दोन आठवडे तुम्ही लोक फिरायला जाता." एवढं बोलून त्यांनी अर्जांचा गठ्ठा तिच्यासमोर आपटला आणि त्या आपल्या कामाला लागल्या. दुपारी डबा उघडला तो ताराकडे पाठ करूनच.

दुसऱ्या आठवड्यात तिला पहिल्यांदा वस्तीत नेलं. रंजनाताई पुढे, फाइल घेऊन तारा मागे. डिंडोलीतली ती गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना एकावर एक चढवलेल्या खोल्या. यंत्रमागावरून सकाळी सुटलेले पुरुष आत झोपलेले आणि ओट्यांवर बायका साड्या मांडीवर पसरून त्यांवर चकाकते खडे चिकटवत बसलेल्या. हा त्या गल्लीचा घरधंदा. गठ्ठे यायचे आणि खडे लागले की जायचे. खानदेशातून आलेली माणसं, त्यामुळे गल्लीभर अहिराणी चाललेली. ताराचे कान टवकारले. सगळं कळत नव्हतं, पण मधूनच एखादा शब्द ओळखीचा निघायचा.

त्या दोघी गल्लीत शिरल्या मात्र, बोलणं बंद पडलं. एकीनं मांडीवरची साडी गोळा केली आणि आत जाऊन कडी लावली. मग दुसरीनं, तिसरीनं. कड्या लागल्याचे आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात राहिले. एक म्हातारी तेवढी उठली नाही. तारा जवळ आल्यावर तिनं तोंडातली तंबाखू तिच्या पायाशी थुंकली आणि शांतपणे वर बघितलं.

ताराच्या चपलेवर शिंतोडे उडाले. ती रंजनाताईंकडे बघत राहिली. त्या तशाच पुढे चालत राहिल्या. पुढच्या गल्लीत चार घरी जाऊन, दोन मुलांच्या लसीकरणाच्या तारखा लिहून घेऊन दोघी परत निघाल्या. रिक्षात बसल्यावर तारानं विचारलं, "त्यांना माझा राग का आहे? त्या मला ओळखतही नाहीत."

"तुझं तोंड नवीन आहे," रंजनाताई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "हातातली फाइल जुनी आहे."

"म्हणजे?"

"अर्ज भर गं मुकाट्यानं."

त्या रात्री ताराला आईचा फोन आला, तेव्हा तिनं सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र तिला रंजनाताईंचा इतका संताप आला की तिनं परतीचं तिकीट अलीकडे घेता येतं का ते शोधून पाहिलं. येत होतं. पण मग तिला वाटलं, सहाच आठवडे म्हणाल्या ना, आता पूर्ण आठ काढूनच दाखवते. तिच्या स्वभावात हा हट्ट होता आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला संचालक प्रवीणभाईंनी तिला वर बोलावलं. प्रवीणभाई हसतमुख होते. गुजराती, हिंदी, इंग्रजी तिन्ही सारखीच सफाईनं बोलायचे आणि कामापुरती मराठीही जमवायचे. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा एक फ्लेक्स होता. बारा-एक वर्षांची मुलगी, मान खाली, मांडीवर हिरवी साडी, चिमटीत खडा. खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'जिनं कधी शाळा पाहिली नव्हती, त्या रुपालीची सुटका.'

"बेसो, ताराबेन," ते म्हणाले. दोन आठवड्यांनंतर कुणीतरी बसायला सांगत होतं. ताराला उगीचच भरून आलं.

"हा फोटो आपल्या संस्थेचा चेहरा आहे," प्रवीणभाई म्हणाले. "मागच्या वर्षी तुमच्यासारख्याच एका इंटर्ननं काढला. वेबसाइटवर आहे, अहवालावर आहे. पुढच्या गुरुवारी परदेशातून देणगीदार येतायत. त्यांना रुपाली आता कशी आहे ते दाखवायचं. गणवेशात, दप्तर घेऊन, हसताना. एक फोटो. तुमचा चेहरा नवीन आहे, मराठी येतं. तुम्हीच जा."

त्यांनी एक पिशवी पुढे केली. आत कोरा गणवेश होता, घडी न मोडलेला.

"तिच्याकडे स्वतःचा नाही का?" तारानं विचारलं.

"जुना झाला असेल. नवा बरा दिसतो."

खाली आल्यावर तारानं रंजनाताईंना पत्ता विचारला. पिशवी पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कागदावर घर नंबर लिहून दिला.

"आपण येणार नाही का?"

"मी त्या घरी जात नाही."

"का?"

"सांगितलं ना, जात नाही!" रंजनाताई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या वर्गातली मुलं पाढे म्हणायची थांबली.

घर त्याच गल्लीत होतं, कड्या लागल्या होत्या त्या गल्लीत. या वेळी तारा एकटी होती. दार उघडंच होतं. उंबऱ्याशी एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई गठ्ठ्याची दोरी सोडत होती.

"उषाबाई आपणच का? मी बालहक्क केंद्रातून आले आहे. मला रुपालीचे एक छायाचित्र..."

उषाबाईंचे हात थांबले. "कसानं चित्र?"

"फोटो," तारा म्हणाली. "शाळेच्या गणवेशात."

उषाबाई उठल्या. त्यांनी ताराच्या हातातली पिशवी हिसकावून उलटी केली. पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट ओट्यावर पडला. त्यांनी तो पायानं गल्लीत ढकलला. तेवढ्यात एक स्कूटर आली आणि शर्टावरून चाक ओढत निघून गेली. समोरच्या, शेजारच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या.

"फोटोवाली उनी परत," कुणीतरी म्हणालं.

"मन्ही पोरना अजून एक फोटो?" उषाबाईंचा आवाज फार चढला नाही, पण सगळ्या गल्लीला ऐकू जात होता. "पहिलानी काय केलं ते देखनं शे का तुले? ये, देख!"

त्यांनी ताराचं मनगट धरून तिला आत ओढलं. एकच खोली. मोरीच्या भिंतीला टेकून एक मुलगी बसलेली, मांडीवर जांभळी साडी, बोटांना डिंक. फ्लेक्सवरच्या मुलीपेक्षा ती मोठी झाली होती, पण चेहरा तोच. तिनं खडा चिकटवला आणि मगच वर बघितलं.

"शाळेत नाही गेलीस?" तारानं विचारलं. तिच्या लक्षात आलं की हा प्रश्न किती मूर्खपणाचा आहे.

"जूनपासून नाही जात," रुपाली म्हणाली.

मग उषाबाई बोलत राहिल्या आणि जिथं ताराला अहिराणी कळेना तिथं रुपाली, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत असावी तशी, समजावून सांगत गेली. मागच्या वर्षी राखीपौर्णिमेची सुट्टी होती. रुपाली तेव्हा सातवीत होती आणि वर्गात पहिली यायची. संस्थेची एक परदेशी मुलगी आली, बरोबर रंजनाताई. परदेशी मुलीनं रुपालीच्या मांडीवर साडी ठेवली, हातात खडा दिला आणि मान खाली घालायला सांगितली. आईनं एका कागदावर सही केली. शाळेच्या मदतीसाठी कागद आहे, असं सांगितलं होतं. हिवाळ्यात तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर आला. गठ्ठे देणाऱ्या शेठनंही पाहिला. पोरांना कामाला लावता आणि फोटो काढू देता, उद्या माझ्यावर धाड पडेल, म्हणून त्यानं सगळ्या गल्लीचं काम तीन महिने बंद केलं. गल्लीनं उषाबाईंशी बोलणं टाकलं. आणि शाळेत मुलांनी रुपालीचं नाव पाडलं, 'सुटका'. सुटका आली, सुटका गेली. सरांनीसुद्धा एकदा हजेरी घेताना तेच नाव घेतलं आणि वर्ग हसला.

"मी सातवीची परीक्षा दिली," रुपाली म्हणाली. "आठवीत मग गेलेच नाही. आता घरीच आहे तर आईला मदत करते." तिनं मांडीवरच्या साडीकडे पाहिलं. "फोटो काढला तेव्हा खोटा होता. आता खरा झाला."

शनिवारच्या वर्गात शिकलेली सगळी मराठी धुंडाळूनही ताराला एक वाक्य सापडलं नाही. शेवटी ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

"कोनलेच माहीत नही ऱ्हास," उषाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दाराकडे बोट केलं. "निंघ आठून."

बाहेर येऊन तारानं रस्त्यावरचे कपडे उचलले. शर्टावर चाकाचा काळा पट्टा उमटला होता. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

कार्यालयात आल्यावर ती थेट कागदपत्रांच्या खोलीत गेली. मागच्या वर्षीच्या फायलींत तासाभरानं तिला तो कागद सापडला. पूर्ण इंग्रजीत. मुलीचा फोटो, नाव आणि कहाणी संस्थेला हवी तशी, हवी तिथं, कायमची वापरू देण्याची परवानगी. खाली उषाबाईंची वाकडीतिकडी सही आणि साक्षीदार म्हणून रंजनाताईंची.

तिनं तो कागद नेऊन रंजनाताईंसमोर धरला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"ही आपली सही आहे."

"आहे."

"तुम्ही त्यांना सांगितलंत की हा कागद शाळेसाठी आहे. तुम्ही खोटं बोललात!"

रंजनाताई हळूच उठल्या. "मला इंग्रजी येतं असं तुला कुणी सांगितलं?"

ताराच्या हातातला कागद खाली आला.

"मला प्रवीणभाईंनी सांगितलं, शाळेच्या मदतीचा आहे. तेच मी उषाला सांगितलं. उषा आणि मी एका बाकावर बसायचो, तिसरीपर्यंत. तिनं कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघून सही केली." त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "फ्लेक्स लागला तेव्हा कळलं. तेव्हा गप्प बसले. सोळा वर्षं नोकरी केलीये, नवरा अंथरुणाला खिळलाय. आता तू मला शिकवायला आलीस? तुझं परतीचं तिकीट पर्समध्ये आहे. माझं घर त्या गल्लीच्या मागच्या गल्लीत आहे. रोज तिच्या दारावरून जाते मी."

"मग आपण मिळून प्रवीणभाईंना सांगूया."

"तूच सांग," रंजनाताई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या.

तारानं सांगितलं. प्रवीणभाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

"ताराबेन, या एका फोटोवर आपले अकरा वर्ग चालतात. तीनशे मुलं शिकतात. एका मुलीला थोडं चिडवलं म्हणून तीनशे मुलांचा वर्ग बंद करायचा? तुमच्या पुस्तकात असं लिहिलंय?"

"ती शाळेत जात होती. पहिली येत होती. आपण लिहिलंय की तिनं शाळा पाहिलीच नव्हती."

"लोकांना जे समजतं ते लिहावं लागतं."

"फोटो काढून टाका. एवढंच मागते."

आता हसू गेलं. "तुमच्या मूल्यमापनावर सही मी करायचीये. तुमच्या प्राध्यापकांना काय लिहू? सहकाऱ्यांशी भांडते, गोपनीय फायली उघडते? उद्यापासून तुम्ही वस्तीत जाणार नाही. खाली बसा आणि अर्ज भरा."

ती खाली बसली. दोन दिवस अर्ज भरले. तिला आता कुणी 'गुड मॉर्निंग'सुद्धा म्हणेना. तिची खुर्ची चळतीतून काढताना तिला एका पायाला तडा दिसला. दुसरी ओढायला गेली तर शिपाईकाका म्हणाले, "ही मुलांची आहे."

पण त्या दोन दिवसांत तिला एक गोष्ट सापडली. दर नव्या इंटर्नला वाचायला देतात ते बालसंरक्षण धोरण. चाळीस पानी, इंग्रजी, कुणीच न वाचलेलं. देणगीदारांच्या अटीसाठी लिहिलं असावं. एकतिसाव्या पानावर एक कलम होतं. कोणतंही मूल स्वतःच्या भाषेत संस्थेविरुद्ध तक्रार करू शकतं. ती त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढवून शिक्का मारलेली पोच द्यायची आणि तिची प्रत विश्वस्तांना आणि देणगीदारांना पाठवायची.

तारानं ते कलम मराठीत उतरवलं. यावेळी तिनं 'कृपया' आणि 'स्वरूप' हे शब्द टाळले. शनिवारी सुट्टी होती. वस्तीत जायचं नाही असं सांगितलेलं असूनही ती डिंडोलीला गेली.

उषाबाईंनी तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "तुले लाज नही?"

"फोटो नको. सही पण नको," तारा म्हणाली. "हे वाचून दाखवते आणि जाते."

ती गल्लीत उभी राहून वाचत गेली. ऊन डोक्यावर होतं. समोरच्या ओट्यावरची ती थुंकणारी म्हातारी जोरात म्हणाली, "आनी आते हाई कागदना पाठीमागे काय छापशात?" बायका हसल्या. तारा वाचायचं थांबली नाही. दोन ठिकाणी शब्द चुकले, पण तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि कागद उंबऱ्यावर ठेवला.

उषाबाईंनी तो उचललाच नाही. रुपालीनं उचलला. तिनं एकदा मनात वाचला, मग विचारलं, "मी लिहायचं? मोठ्यांनी नाही?"

"तूच. मी एक शब्द सांगणार नाही."

"रुपाली, ठेव ते," उषाबाई म्हणाल्या. "हाई लोकंस्ना कागदवर भरोसा नको ठेवू."

"आई, या वेळी कागद माझा आहे," रुपाली म्हणाली आणि आत गेली.

तारा लगेच परत फिरली. पुढे काय होईल याची तिला जराही खात्री नव्हती.

सोमवारी अकराच्या सुमाराला उषाबाई आणि रुपाली कार्यालयाच्या दारात उभ्या राहिल्या. उषाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. आवक नोंदवहीच्या टेबलाशी रंजनाताई होत्या. रुपालीनं वहीचं एक पान पुढे केलं. अक्षर ठसठशीत होतं, समास आखलेला. रंजनाताईंनी वाचायला घेतलं. त्यांना मोठ्यानं वाचायची सवय होती, त्यामुळे पहिली ओळ सगळ्यांना ऐकू आली आणि मग त्यांना थांबता येईना.

"माझे नाव रुपाली गोपाल पाटील. मी सातवीत पहिली आले होते. तुमच्या भिंतीवर लिहिले आहे की मी शाळा पाहिली नव्हती. ते खोटे आहे. माझ्या मांडीवर साडी तुम्ही ठेवली. माझी कोणी सुटका केली नाही, कारण मी अडकले नव्हते. आता अडकले आहे. माझा फोटो सगळीकडून काढा. माझ्या आईला जे सांगितले ते खोटे होते, त्याची माफी लिहून द्या. मला माझ्या नावाने दुसऱ्या शाळेत जायचे आहे."

वाचून होईपर्यंत जिन्यावर प्रवीणभाई येऊन उभे होते.

"रंजनाबेन, ते आत ठेवा. आपण बसून बोलू. उषाबेन, या, वर या, चहा घ्या."

उषाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या प्रवीणभाईंकडे बघतच नव्हत्या. त्या रंजनाताईंकडे बघत होत्या, वर्षभरात पहिल्यांदा.

"रंजनाबेन, नोंद करायची गरज नाही. मी सांगतोय."

ताराला वाटलं, आता त्या पान घडी करून ड्रॉवरमध्ये टाकणार. रंजनाताईंचा हात ड्रॉवरकडे गेलाही. त्यांनी तो उघडला, शिक्का बाहेर काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि पानावर मारला. इतक्या जोरात की टेबलावरची टाचणीची डबी खाली पडली. मग त्यांनी नोंदवही उघडून लिहिलं आणि शिक्का मारलेली पोच फाडून रुपालीच्या हातात दिली.

"क्रमांक एकशे चौदा. हा कागद जपून ठेव."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?" प्रवीणभाई म्हणाले.

"हो," रंजनाताई म्हणाल्या. "यावेळचं मराठीत आहे."

उषाबाईंनी मुलीचा हात धरला. जाताना त्या रंजनाताईंशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताराकडे तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याच दुपारी तारानं त्या पानाच्या प्रती धोरणात दिलेल्या सगळ्या पत्त्यांवर पाठवल्या. स्वतःच्या नावानिशी आणि सहीनिशी. बुधवारी फ्लेक्स उतरवला गेला. भिंतीवर त्या जागी फिक्या रंगाचा चौकोन राहिला. गुरुवारी देणगीदार आलेच नाहीत. आधी उत्तर द्या, असं त्यांनी कळवलं होतं. वेबसाइटवरून फोटो गेला. विश्वस्तांनी चौकशी बसवली. माफीचं पत्र आठ दिवसांनी आलं, तीन ओळींचं, कुणाची चूक ते न सांगणारं. उषाबाईंनी ते परत पाठवलं. दुसरं आलं, त्यात खोटं सांगितल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. ते त्यांनी ठेवून घेतलं.

कार्यालयातलं वातावरण मात्र आणखी बिघडलं. देणगी थांबली म्हणून बमरोलीचे दोन वर्ग बंद ठेवावे लागले आणि तिथल्या शिक्षिका ताराला जिन्यात गाठून म्हणाल्या, "आमच्या पंचावन्न मुलांचं काय? त्यांची तक्रार कोण लिहून घेणार?" त्या पंचावन्न मुलांचा विचार ताराला खरोखर छळायचा. प्रवीणभाईंचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं, हे तिला नको असतानाही दिसत होतं. चौकशी चालू असल्यामुळे तिला काढता येत नव्हतं. म्हणून ती होती, एवढंच.

रंजनाताईंना नोंदवहीवरून हलवून साहित्याच्या कोठारात बसवलं. एकदा तारा तिथं गेली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही केलंत ते..."

"तुझ्यासाठी नाही केलं," रंजनाताई खडूंची खोकी मोजत म्हणाल्या. "मला थोर बिर बनवू नकोस. तुझ्या अहवालात माझं नाव टाकू नकोस. फोटो तर अजिबात नको." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "रुपालीचा शाळा सोडल्याचा दाखला जुन्या शाळेनं अडवलाय. उषा तीनदा जाऊन आली. तुझ्याकडे वेळ आहे. तिथं जाऊन बस."

तारा जाऊन बसली. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक नव्हते. दुसऱ्या दिवशी कारकून म्हणाला, मुलीचं नाव कमी केलंय, आता काही होत नाही. तारानं विचारलं, नाव कमी केलं तर मग दाखला अडवायचा कशाला? त्यानं तिला बाहेर बसायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली आणि व्हरांड्यातच जेवली. येणारी-जाणारी मुलं तिला बघून हसत होती. एकानं तिच्या मराठीची नक्कल केली, चांगली जमली होती. चौथ्या दिवशी दुपारी कारकुनानं दाखला खिडकीतून बाहेर फेकल्यासारखा दिला.

उधन्यातल्या दुसऱ्या मराठी शाळेत प्रवेशाच्या दिवशी तारा दाखला घेऊन फाटकाशी थांबली होती. उषाबाई, रुपाली आणि त्यांच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून रंजनाताई आल्या. त्या दोघी अजून बोलत नव्हत्या, पण एकाच रस्त्यानं आल्या होत्या. उषाबाईंनी दाखला घेतला, नाव नीट आहे का ते रुपालीकडून वाचून घेतलं आणि पदराखाली धरला. शाळेच्या बाई दारात आल्या. तारा पुढे झाली तशी उषाबाईंनी हात आडवा केला.

"तू बाहेर थांब."

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"कोनी नही," उषाबाई म्हणाल्या. "दाखला आननारी."

फाटक लागलं. आत रुपालीचा आवाज ऐकू आला. ती आपलं पूर्ण नाव सांगत होती, मोठ्यानं, वडिलांच्या नावासकट. रंजनाताई फाटकाच्या अलीकडेच राहिल्या होत्या. त्यांनी ताराकडे न बघता विचारलं, "किती आठवडे उरले?"

"तीन."

"फिरायला जाणारेस?"

"नाही."

रंजनाताई रस्त्याच्या पलीकडे जाऊन सावलीत उभ्या राहिल्या. तारा फाटकाशीच उभी राहिली. शिपायानं येऊन सांगितलं की बाहेरच्या माणसांना इथं थांबता येत नाही, तेव्हा तीही रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि रंजनाताईंपासून थोडं अंतर ठेवून भिंतीला टेकली.